तळघरातून आलेलं उत्तर

हॅम्बर्गच्या छावणीत आमचं विद्यापीठ उभं राहत होतं आणि मी आनंदानं नाचायचीच बाकी होते. युद्धात लाटव्हियातलं माझं शहर रीगा सुटलं, तसं माझं डॉक्टरकीचं शिक्षणही अर्धवट सुटलं होतं. आमचे देश रशियानं गिळले होते; आता लाटव्हिया, लिथुआनिया, एस्टोनियाचे आम्ही निर्वासित, आणि शिकवणारेही निर्वासित. पडक्या घरांच्या दारांची आम्ही बाकं केली होती. युद्धानंतर शहर ब्रिटिशांच्या ताब्यात होतं; परवानगीसाठी फक्त ब्रिटिश साहेबानं येऊन भरलेला वर्ग बघायचा होता. वर्ग रिकामा दिसला, तर विद्यापीठ विसरा आणि पडक्या शहराच्या विटा उचला.

त्या सकाळी एस्टोनियाचे तामिक सर हृदयावर बोलत होते, सगळ्यांना कळेल अशा जर्मनमध्ये. तेवढ्यात बाहेर ट्रक थांबला.

"आले रे, रशियात न्यायला," कोणीतरी म्हणालं. निम्मे खिडकीतून पळाले, निम्मे तळघरात. ट्रक वाजला की पळायचं, हे आमच्या अंगात भिनलं होतं. मी कोळशावर जाऊन आदळले.

फळ्यांच्या फटीतून वर पाहिलं, तर ब्रिटिश बूट. आमची वाट लागली होती.

"चल वर," मी लिथुआनियाच्या आल्गिसला म्हटलं.

"जा तू. ट्रकमध्ये रशियन बसले असतील तर?"

मीही कोळशातच बसून राहिले.

वरून साहेबाचा आवाज आला. "प्रोफेसर, विद्यार्थी कुठे आहेत?"

"आहेत इथंच," सर म्हणाले आणि खडू वाजला. "तर, माणसाच्या हृदयाला कप्पे तीन."

मी दात आवळले. तीन?

"मिर्ड्झा, गप्प बस हं," आल्गिस कुजबुजला.

"तीन," सरांनी ठासून सांगितलं.

"चार!" मी ओरडले. चुकीचं उत्तर मला सहनच होत नाही.

"तीन बेडकाला असतात, सर," आल्गिसलाही राहवलं नाही. खिडकीबाहेर लपलेल्यांपैकी कोणी कप्प्यांची नावं सांगायला लागलं, दुसरा त्याच्या चुका काढायला लागला.

"ऐकलंत?" सर साहेबाला म्हणाले. "वर्ग भरलेला आहे. तुमच्या ट्रकला घाबरतो, एवढंच."

साहेब बाहेर गेला. ट्रक निघून गेल्याचा आवाज आला. संपलं, असं वाटून मला रडूच फुटलं.

मग बूट पुन्हा आत आले. साहेबानं स्वतः मागे राहून ट्रक परत पाठवला होता. कोळशानं माखलेल्या तोंडांनी आम्ही वर आलो, तेव्हा तो शेवटच्या बाकावर बसला होता. पूर्ण तास त्यानं ऐकला.

"सोमवारी विद्यापीठ सुरू करा," उठताना तो म्हणाला. "मी येत जाईन. चालत."