सुतारखान्यात आलेला संगणक

मी एक संगणक. घरात बसून कुणी सिनेमे पाहावेत, पत्रं लिहावीत, एवढ्यासाठी माझी घडण झाली होती. अंग काळं, चकचकीत. हवा घ्यायला बाजूला जाळी आणि आत एक नाजूक पंखा. पण माझ्या नशिबी सुतारखाना आला.

सुतारखाना दोघा भावांचा. थोरला गिऱ्हाइकं सांभाळायचा, धाकटा यंत्रावर कपाटांच्या फळ्या कापायचा. ते यंत्र मी चालवायचं होतं. संगणकाच्या दुकानात धाकट्यानं बिनपंख्याचा, चहूबाजूंनी बंद असा एक जाडजूड संगणक निवडला होता.

"दादा, आपल्याकडे भुसा किती उडतो. हाच टिकेल."

पण तो यायला पंधरा दिवस लागणार होते, आणि थोरल्याची नजर माझ्यावर बसली होती. संगणक इथूनतिथून सारखेच, असं म्हणत त्यानं मला गाडीत ठेवलं. थोरल्याचा शब्द मोडायची धाकट्याला सवय नव्हती.

महिन्याभरातच माझा जीव घुसमटू लागला. पंख्यावर भुशाचे थर चढायचे. धाकटा दर शनिवारी माझं झाकण काढून मऊ ब्रशनं मला झाडायचा. इतक्या हळुवारपणे मला कुणी हाताळलं नाही. तरी मी तापायचो, काम चालू असताना मधेच गोठून बंद पडायचो. हा बदलायला हवा, असं त्यानं दोनदा सांगितलं. हातातलं काम उरकू दे, मग बघू, असं उत्तर दोन्ही वेळा मिळालं.

एका दुपारी मी गोठलो आणि यंत्र जागीच थांबलं. पात्याखाली फळीचा तुकडा अडकला होता. मुख्य बटण बंद केलं असतं, तर सगळं नव्यानं जुळवण्यात अर्धा तास गेला असता, आणि थोरला दारात घाई करत उभा होता. धाकट्यानं तसाच हात घातला. तेवढ्यात मी भानावर आलो आणि अर्धवट राहिलेला हुकूम यंत्राला देऊन टाकला.

उजव्या हाताची तीन बोटं गेली.

दोन महिन्यांनी थोरल्यानं तो जाडजूड संगणक आणला. भावाला समोर बसवून हळूच विचारलं, "हा चालेल ना रे तुला?"

"आता तूच चालव, दादा," धाकटा म्हणाला. डाव्या हातानं दार ओढून गेला, तो परत आला नाही.

मी मागच्या खोलीत पडून आहे. उद्या भंगारवाला नेईल. कामासाठी संगणक घ्याल तेव्हा आमच्या रूपावर भाळू नका. तो कुठे बसणार आहे ते पाहा, आणि त्याच्यासमोर रोज कोण बसणार, त्याला आधी विचारा. माझे सुटे भाग कुणाच्या तरी उपयोगी पडतील. माणसाचे सुटे भाग कुठेच मिळत नाहीत.