अकरा शिक्के

डॉक्टर गुरुवारी यायचे ते गाडी चालू ठेवूनच. वृद्धाश्रमातली साठ माणसं ते वीस मिनिटांत उरकायचे, तीही ऑफिसात चहा पिता पिता. आश्रमाला औषधं पुरवणाऱ्या फार्मासिस्टबाईंच्या कपाळाला त्यांचं नाव काढताच आठ्या पडत. व्यवस्थापकांबद्दल तर विचारूच नका. म्हातारं माणूस गप्प असलं की बरं आणि बोललं की आजारी, एवढंच त्या गृहस्थांचं वैद्यकशास्त्र.

"बारा नंबरच्या आजींना झोपेचं काहीतरी कडक द्या," व्यवस्थापक म्हणाले. "दिवसभर वर्ग घेतात हो! उद्या मुलगी सही करतेय, मग खालच्या कुलपाच्या खोलीत हलवू. तिथून काही कोणी परत वर येत नाही."

"आधी बघते त्यांना," म्हणून फार्मासिस्टबाई तरातरा जिना चढल्या.

आजी गणिताच्या निवृत्त शिक्षिका. वर्षापूर्वी आल्या तेव्हा शेजारणींचे बँकेचे अर्जसुद्धा भरून द्यायच्या. आता भिंतीवर डाफरत होत्या, "मागच्या बाकावरची, उभी राहा!" जीभ कोरडी, घोटे टम्म. फार्मासिस्टबाईंनी घोट्यावर बोट दाबलं, तर खळगा तसाच राहिला. मग त्यांनी औषधांचा तक्ता उघडला.

रक्तदाबाच्या गोळीने पाय सुजले. सुजेसाठी लघवी होण्याची गोळी. लघवी आवरेना, म्हणून ती आवरायची गोळी. तिने डोकं भरकटलं. आणि आता त्यासाठी झोपेची! एकीचं उष्टं दुसरीने काढायचं, आणि आजींनी कुलपात जायचं. या डॉक्टरला पदवी दिली कोणी?

त्यांनी डॉक्टरांना फोनवर फैलावर घेतलं. "बरं, तुम्ही म्हणता तर ती लघवीची भानगड बंद करू, रक्तदाबाची बदलू," डॉक्टर म्हणाले. तुम्ही म्हणता तर! अक्कल गहाण टाकलेला माणूस. उद्या मुलीसमोर याचे वाभाडे काढायचेच, असं ठरवून त्या पुराव्यासाठी मागची पानं उलटू लागल्या.

अकराही महिन्यांच्या पानांच्या तळाशी निळा शिक्का होता. 'औषधे तपासली. बदल नको.' खाली त्यांचीच वळणदार सही. दर महिन्याला तक्त्यांचा गठ्ठा दुकानात यायचा आणि गिऱ्हाइकाशी बोलता बोलता त्या धडाधड शिक्के मारायच्या. डॉक्टर निदान ऑफिसापर्यंत तरी यायचे. आजींच्या खोलीत त्या आज पहिल्यांदा आल्या होत्या. त्यांना स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी मुलीने पेन उघडलं होतं.

"सही करू नका," फार्मासिस्टबाई म्हणाल्या. "आई वेड्या नाहीत, औषधांनी तशा झाल्यात. काही आठवडे द्या." आणि त्यांनी सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे अकरा महिने कोणी बघितलंच नाही?"

व्यवस्थापक लगबगीने म्हणाले, "अहो, आमचे डॉक्टर जरा..."

डॉक्टरांवर ढकलणं किती सोपं होतं. फार्मासिस्टबाईंनी फाइल मुलीपुढे सरकवली आणि शिक्क्यावर बोट ठेवलं. "बघायचं काम माझं होतं. ही माझी सही."

मुलीने पेन बंद केलं. मग एकेक पान उलटत तिने प्रत्येक शिक्का मोठ्याने वाचला. अकराव्या पानापर्यंत फार्मासिस्टबाई उभ्याच होत्या.