शुद्ध झालेली बादली

जमीन शुद्ध असल्याचं प्रमाणपत्र निघालं, पंप बंद झाला आणि मी हरलो. पण यातलं काहीच अजून घडलेलं नाही असं धरून चालू. त्या सकाळी मैदानात जमलेली चारशे माणसंही तसंच धरून चालली होती आणि फार आनंदात होती.

मैदान म्हणजे ताइवानातल्या आमच्या गावाबाहेरचा जुना कारखाना. तीस वर्षं तिथे सायकलींच्या हँडलांना क्रोमियमचा चकचकीत मुलामा चढायचा. कारखाना गेला, मुलाम्याचं पाणी जमिनीत राहिलं. माझी नोकरी अशी, की कारखान्यानं जमिनीला काय पाजलं ते शोधायचं आणि तिला ते ओकायला लावायचं. नऊ वर्षांत चार जमिनी झाल्या, ही पाचवी. खालून लिंबाच्या सरबतासारखं पिवळं पाणी निघायचं. माझा पंप ते दिवसरात्र उपसायचा, म्हणून ते साठ मीटरवरच्या ल्याओ मावशींच्या विहिरीकडे सरकत नव्हतं. त्या विहिरीच्या पाण्यावर मावशी टोफूची खीर करायच्या आणि अर्धं गाव न्याहारीला तीच खायचं.

बिल्डरला तिथे चौदा मजले हवे होते. मी म्हटलं, आठ वर्षं थांबा. त्याचा मॅनेजर, पेंग, मंत्रतंत्र करणाऱ्या चुआंग गुरुजींकडे गेला. गुरुजी म्हणाले, चाळीस मिनिटं.

"भूमिदेव आजारी आहे!" गुरुजी माइकमध्ये ओरडले. "लोकांनी त्याच्या पोटाला भोकं पाडली!" हे माझ्याकडे बघून. (तेहतीस पाडली होती.) "हे पिवळं पाणी म्हणजे काय? देवाला कावीळ झालीय, कावीळ!"

लोक हळहळले. पंपाच्या नळीतून बादली भरली गेली. गुरुजींनी मंतरलेलं मीठ-तांदूळ मूठभर टाकलं, तलवारीनं ढवळलं, आणि पिवळं पाणी बघता बघता नितळ झालं.

ढोल वाजले, फटाके फुटले, ल्याओ मावशींनी डोळे पुसले. पेंगनं त्याच बादलीतून बाटली भरली, तिच्यावर 'कारखान्याची जमीन' अशी चिठ्ठी डकवली आणि प्रयोगशाळेकडे माणूस पिटाळला.

मी स्टेजखाली सांडलेलं मीठ उचलून जिभेला लावलं. आंबट! नऊ वर्षांत परोपरीची माती बघितली, पण आंबट मीठ पहिल्यांदाच भेटलं.

मी औषधाच्या दुकानात पळालो, सी जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणल्या, कुटल्या, दुसरी बादली भरून घेतली आणि स्टेजवर चढलो. "हे बघा, मंत्र नाही, तलवार नाही. दुकानातल्या गोळ्या!" टाकल्या, छत्रीच्या दांड्यानं ढवळल्या. पाणी नितळ.

मागून एक बाई किंचाळली, "अगं बाई, मातीवाल्याच्या अंगात आलं!"

"नाही आलं!"

"पहिल्यांदा सगळे असंच म्हणतात," गुरुजी मायेनं म्हणाले.

एका आजोबांनी गुडघा पुढे केला. "एवढी फुंकर मार रे बाबा."

"अहो, त्या मिठात सी जीवनसत्त्व मिसळलंय! त्यानं पाण्याचा रंग जातो, विषही बरंच मवाळ होतं. पण ते बादलीतलं! जमिनीखाली अशा तीन लाख बादल्या आहेत."

"मग तुम्ही खाली काय ओतता, हुंग साहेब?" पेंगनं विचारलं.

खोटं बोलायची सवय नाही. "उसाची मळी."

"काय?"

"मळी. ती खाऊन मातीतले जंतू हेच काम हळूहळू करतात."

"ऐका! देवाला मीठ चालत नाही यांना, आणि जंतूंना गोडाचा नैवेद्य!"

मैदान हसलं. मी घसा ताणला. "आम्ही मोजतो! दर महिन्याला तेहतीस ठिकाणी. चुकलो तर आकडाच सांगतो की चुकलास. गुरुजी चुकले तर कोण सांगणार?"

माणसं थबकली. ल्याओ मावशींनी माझ्याकडे नीट बघितलं. एक क्षणभर मी जिंकत होतो.

"आणि पंपावर ते हिरवं पाकीट कसलं?" पेंग म्हणाला.

मक्याच्या कुरकुऱ्यांचं. त्याच्या नावाचा अर्थच 'शहाणा हो' असा, म्हणून यंत्रानं शहाण्यासारखं वागावं यासाठी आमच्याकडे सगळेच ते यंत्रावर ठेवतात. हिरवंच लागतं, आणि मुदत संपलेलं चालत नाही. मी शुक्रवारीच बदललं होतं.

"ते वेगळं आहे," मी म्हणालो.

चारशे माणसांनी समजुतीनं मान हलवली. तत्त्वासाठी मी पाकीट उचललं आणि त्याच क्षणी पंप बंद पडला. गुरुजींचे लाउडस्पीकर माझ्याच लाइनवर जोडले होते, फ्यूज उडाला. माइकही मेला होता, पण पंप पाकीट उचलल्यानं मेला आणि माइक देवाच्या कोपानं, असं ठरलं.

शेवटी गुरुजींनी जमीन शुद्ध झाली का, ते देवालाच विचारलं. अर्धचंद्राची दोन लाकडं टाकायची, एक उताणं एक पालथं पडलं की होकार. सलग तीनदा होकार आला. आठात एकदा असं आपोआप होतं, हे मी बिनमाइकचं ओरडून सांगितलं.

प्रयोगशाळेनं खोटं लिहिलं नाही. आलेलं पाणी शुद्ध, एवढंच लिहिलं. बादली खरंच शुद्ध होती. प्रमाणपत्र जमिनीला मिळालं.

पंपाची वायर गुंडाळून मी मावशींकडे गेलो.

"मावशी, विहीर बंद करा. नळाचं पाणी घ्या."

"नळाच्या पाण्यानं खीर बिघडते रे मातीवाल्या. पिवळं दिसलं की करीन बंद."

"पिवळं दिसायच्या आधीच ते विष असतं. डोळ्यांवर जाऊ नका, मावशी. डोळे तर गुरुजींचंही खरं मानतात. दर महिन्याला मोजून घ्या."

"तू मोजशील?"

"माझी बदली झाली."

त्यांनी आल्याच्या पाकातली खीर वाटीभर समोर ठेवली. "बरं, हे तरी खा. तोंड बघ कसं झालंय."

मी खाल्ली. पाणी अजून तितकं सरकलेलं नव्हतं. मग त्याच टेबलावर अर्ज लिहिला:

प्रति, भूजल विभाग. विषय: भूजलास थांबविण्याबाबत. जुन्या कारखान्याच्या जमिनीखालील पाणी दरसाल पंधरा मीटर वेगाने श्रीमती ल्याओ यांच्या विहिरीकडे जात आहे. प्रमाणपत्रानुसार सदर पाणी अस्तित्वात नाही. सबब विनंती की, त्याची पुन्हा तपासणी होईपर्यंत सदर पाण्याने आहे तिथेच थांबावे, असा लेखी आदेश आपल्या सहीशिक्क्यानिशी काढून तो त्यास जमिनीखाली समक्ष बजावण्यात यावा. सोबत: हिरवे पाकीट एक, मुदतीतले.