मागच्या दाराचं हँडल

उदयसिंहांनी दोन्ही हँडलं हातात घेऊन उलटीपालटी केली, काम झकास झालंय म्हणून मान डोलावली आणि मग सहज विचारलं, "आणि जुनं कुठाय, मिस्त्री?"

"त्यातच हाय की, सरकार." कृष्णात हसत होता. या प्रश्नाची तो कधीपासून वाट बघत होता.

"त्यात म्हणजे?"

"आटवलं. दोन्हीत निम्मं निम्मं गेलंय."

उदयसिंह कारखान्यातल्या स्टुलावर हळूच बसले आणि कृष्णातच्या तोंडावरचं हसू जागच्या जागी वाळून गेलं.

उद्यमनगरात पितळेच्या ओतकामात कृष्णातची उभी हयात गेली होती. नळाच्या तोट्या, पंपाचे बुश, देवळाच्या घंटा, काय वाट्टेल ते त्याने ओतलं होतं. पण हे काम निराळं होतं. उदयसिंहांच्या आजोबांनी घेतलेली विलायती मोटार सत्त्याण्णव साली पुन्हा रस्त्यावर आली होती आणि त्या हिवाळ्यात जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला मुंबईला निघाली होती. तिच्या मागच्या उजव्या दाराचं हँडल कुणाला आठवतही नव्हतं, इतक्या वर्षांपूर्वी गळून पडलेलं. इंग्लंडहून तयार नक्कल मागवता येत होती, उदयसिंहांनी एक मागवलीही. ती हातात घेतली तर प्लास्टिकच्या खेळण्याएवढी हलकी. मग त्यांनी डाव्या दाराचं अस्सल हँडल सोडवलं आणि कृष्णातकडे आणून दिलं. यावरून दुसरं कर म्हणाले.

ते हँडल कृष्णातला नवं नव्हतं. त्याचे वडील केरबा यांनी उदयसिंहांच्या बंगल्यावर ड्रायव्हर म्हणून जन्म काढला होता. मालक मागे डावीकडे बसायचे, म्हणून ते दार केरबांनीच उघडायचं. उघडून उघडून त्यावरचं निकेल उडालं होतं, खालचं पिवळं पितळ दिसत होतं आणि अंगठा टेकायचा तिथे उथळ खळगा पडला होता. घरात केरबांचा एक फोटो होता, तोही लग्नातल्या घोळक्यातला, अर्धा चेहरा कुणाच्या तरी फेट्याआड गेलेला. धड अशी त्यांची खूण म्हणजे हँडलावरचा तो खळगा, एवढीच.

कृष्णातच्या घरी एक रीत होती. देवघरातले टाक झिजले, देवाचं नाकडोळं पुसट झालं की टाक सोनाराकडे न्यायचे. सोनार जुनी चांदी आटवायचा, त्यात थोडी नवी घालायचा आणि त्यातूनच टाक घडवायचा. जुना देव नव्यात येतो, बाहेर काही उरू द्यायचं नसतं. कृष्णातने वेगळं काय केलं? खळग्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरून हँडल सारखं केलं, त्याचा रेतीत साचा घेतला आणि मग नमस्कार करून ते नव्या पितळेसोबत मुशीत सोडलं. बाप आता दोन्ही दारांवर बसणार, या विचाराने त्या दिवशी त्याला जेवण गोड लागलं होतं.

उदयसिंह रागावले असते तर बरं झालं असतं. ते समजुतीच्या आवाजात सांगत राहिले. मेळाव्यात अस्सल भागाला मान असतो, मग तो कितीही झिजलेला का असेना, हे सांगितलं. आपण लहान असताना केरबाकाका कडेवर घेऊन त्याच दाराने आपल्याला आत बसवायचे, हेही सांगितलं. शेवटी उठता उठता म्हणाले, "निदान डावं तरी जुन्यासारखं करून द्या, मिस्त्री. तुमच्याइतकं ते कुणी पाहिलंय?"

ते गेल्यावर कृष्णात भट्टीशी बसून राहिला. आटवलेलं पितळ कसल्याही आकाराचं करता येतं, पण मुशीत पडलं की त्याला मागचं काही आठवत नाही. हे त्याने इतक्या पोरांना शिकवलं होतं आणि स्वतः मात्र विसरला होता. देवाचं ठीक आहे, देवाचा चेहरा सोनाराला पाठ असतो. आपल्या बापाचा अंगठा कुणाला पाठ होता?

मग तो कानस घेऊन बसला. थोडं घासावं, डोळे मिटावेत, अंगठा टेकवून बघावं, पुन्हा घासावं. निकेल चढवून आणलं आणि तेवढ्याच जागेवरचं पुन्हा उडवलं. झाल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं. मेळाव्यातल्या कुठल्याही जाणत्याने ते अस्सल म्हणून उचललं असतं.

बंगल्यावर द्यायच्या आधी ते त्याने घरी नेलं आणि आईच्या हातात ठेवलं. झुंबरबाईला मोतीबिंदूमुळे दिसत नव्हतं. पण बंगल्यावर दसऱ्याला गाडीची पूजा व्हायची, तेव्हा त्या दाराला हळदकुंकू लावायचा मान ड्रायव्हरच्या बायकोचा, तिचा असायचा. नवरा गेला आणि तेही संपलं. तिने हँडल चाचपलं. बोट खळग्यात गेलं आणि तिथेच थांबलं.

"कुणी केलं हे?"

"मी, आई. बरं झालंय न्हवं?"

"चांगलं झालंय," ती म्हणाली. बोट मात्र फिरत राहिलं. "लय खोल गेलंय पर. ह्यांनी एवढं कधी दाबलंच न्हाय रं. मालक मागं झोपलेलं असायचं. खटका वाजू नये म्हणून नुसता अंगठा टेकायचं."

कृष्णातने त्या खळग्यात आपला अंगठा टेकवला, तो नेमका बसला. कानशीने गेलेलं पितळ परत चढवता येत नाही, हे तिला सांगायची काही गरज नव्हती.

झुंबरबाईने हँडल पदराने पुसलं. "बंगल्यावरच्यास्नी काय कळायचं न्हाय. द्ये जा," म्हणाली, आणि ते देताना हात पुढे करून तिने त्याचा अंगठा धरला व बराच वेळ सोडला नाही.