‘फक्त मोठ्यांसाठी’ म्हणणारा शिक्का

मी एक जुना शिक्का आहे, मित्रांनो. मूठ लाकडाची, तळ रबराचा. माझी अक्षरं उलटी कोरलेली, त्यामुळे मी काय म्हणतो ते मला स्वतःला कधी वाचता आलं नाही. लोकांच्या तोंडून ऐकलं, ‘फक्त मोठ्यांसाठी’.

कारखान्यातून मी थेट वाचनालयाच्या टेबलावर आलो. तेव्हाचे ग्रंथपाल माझं फार कौतुक करायचे. “हा आहे म्हणून शिस्त आहे,” म्हणायचे. मी फुगून जायचो. पण खरं सांगू? ते पुस्तक वाचायचेच नाहीत, हातात तोलायचे. जाडजूड लागलं की ठप्प!

पुढे ते निवृत्त झाले, नव्या बाई आल्या. आणि एका दुपारी आली एक मुलगी, दप्तरापेक्षा जेमतेम मोठी. विज्ञानकथा लिहिणाऱ्या एका लेखिकेनं तिला वेड लावलं होतं. कादंबरीच्या पहिल्या भागात यानावरची स्वयंपाकीण कप्तानाला विचारते, “हे दार उघडायचं नाही, असं ठरवलं कोणी?” आणि तिथेच तो भाग संपतो! दुसऱ्या, जाड भागावर मी उमटलेलो.

“बाई, दाराआड काय आहे ते कळल्याशिवाय मला जेवण जात नाही.”

“अगं, शिक्का आहे ना त्यावर.”

“पण ठरवलं कोणी?”

बाईंनी नियमांची वही पालथी घातली. नियम नव्हताच. होतो तो फक्त मी.

“त्या लेखिका म्हणतात, विचारल्याशिवाय कुणाचं मानायचं नाही.”

“मग त्यांचं तरी कशाला मानतेस गं, शहाणे?”

“म्हणूनच तर पुढचं वाचायचंय. त्यांचं खरं निघतंय का, बघते!”

बाई खो खो हसल्या. “उद्या ये,” म्हणाल्या, आणि डबा तसाच ठेवून स्वतः वाचायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या ठशावर रेघ मारली, खाली सही केली. “मी वाचलंय. खुशाल ने. फक्त दाराआडचं मला विचारू नकोस, सांगून टाकेन!”

मला राग यायला हवा होता. पण ती पोर घरीसुद्धा गेली नाही. पायरीवरच बसली, पान उलटलं आणि “आई गं!” म्हणून एकटीच हसली. असं हसू मी किती वर्षं अडवून ठेवलं होतं, कोण जाणे.

मला फेकू नका, मित्रांनो. पुसून खणात ठेवा. काही पुस्तकांना थोडं थांबवावं लागतंच. फक्त मला उचलण्याआधी ती वाचा. आणि माझा ठसा दिसला, तर मुकाट्यानं मागे फिरू नका. गोड आवाजात विचारा. मी रागावणार नाही. तिच्याआधी मला कुणी काही विचारलंच नव्हतं हो.