संदर्भ क्रमांक सात

सुकन्या कोळेकर बीडच्या एका महाविद्यालयात छोट्या शहरांच्या कारभारावर पीएच.डी. करत होती. धनगराच्या घरातली मुलगी, मेंढरांमागं फिरत फिरतच शिकलेली. तिचे मार्गदर्शक भगवानराव कुलथे सर. त्यांनी जिल्ह्यातल्या पाच नगरपंचायतींचं सर्वेक्षण हाती घेतलं, तेव्हा नांदूरवेस तिच्या वाट्याला दिलं, कारण ती तिथलीच. गावाच्या कडेला, नाल्याच्या वरच्या माळावर तिच्या आईबापाचं घर आणि मेंढरांचा वाडा होता.

प्रश्नावलीत चौसष्ट प्रश्न होते. त्यातला एक्केचाळिसावा असा: शहरात नगरपंचायतीचा चालू कत्तलखाना आहे का? स्वच्छता निरीक्षक आप्पारावांनी फाईल उघडून निळ्या पत्र्याच्या शेडचा फोटो दाखवला. उद्घाटनाची फीत, हार घातलेली माणसं, मागच्या पानावर काम पूर्ण झाल्याचा दाखला. सुकन्याला ती शेड माहीत होती, उद्घाटनापासून कुलूपबंद असलेली. खाटीक आजही दुकानामागंच बकरी कापतात आणि नगरपंचायतीचा ट्रॅक्टर ती आतडी-फुप्फुसं पोत्यांतून नेऊन नाल्याच्या काठी ओततो, हेही तिला माहीत होतं. ती जागा तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होती. पण सरांच्या सूचना छापील होत्या. कार्यालयातली नोंद हाच पुरावा, माहिती गोळा करणाऱ्याने आपलं मत घालू नये. तिने 'होय'वर खूण केली. तेव्हा पेन क्षणभर थांबलं होतं, असं तिला पुढं वाटायचं. ते खरं नव्हतं. पेन थांबलं नव्हतं.

अहवाल छापून आला. पाचांत नांदूरवेस पहिलं. नगरपंचायतीत सरांचा सत्कार झाला, सुकन्यालाही शाल मिळाली आणि आप्पारावांनी अहवालाचं मुखपृष्ठ चौकटीत घालून भिंतीवर लावलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तिच्या आईच्या, चतुराबाईच्या, डाव्या हातातून भाकरी निसटायला लागली. डोकं तर वर्षभरापासून दुखत होतं, पण ती पदर आवळून बांधायची आणि कामाला लागायची. मग एक डोळा अंधुक झाला. एके सकाळी कोकरांना पाजता पाजता ती वाड्यातच कोसळली, हातपाय ताठ झाले, तोंडातून फेस आला. बाप सुग्रीवने तिला रिक्षात घालून आधी गावच्या दवाखान्यात नेलं, तिथून अंबाजोगाईला.

अंबाजोगाईच्या एका खासगी रुग्णालयात डॉ. मोहिनी रत्नपारखी मेंदूच्या शस्त्रक्रिया करायच्या. त्यांनी तपासणीच्या काळ्या फिल्मवर बोट ठेवून दाखवलं. मेंदूच्या उजव्या बाजूला मोसंबीएवढा गोल, पाण्याने भरलेला फुगा होता. कुत्र्याच्या पोटातल्या जंताची अंडी त्याच्या विष्ठेतून, भाजी-पाण्यावाटे माणसाच्या पोटात गेली की असा फुगा बहुतेक वेळा यकृतात होतो, मेंदूत फार क्वचित, असं त्यांनी समजावलं. तो वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. काढताना फुटला तर जिवावर बेतू शकतं. म्हणून चिमट्याने न ओढता, मागच्या बाजूने मिठाचं पाणी सोडून त्याला अलगद बाहेर तरंगवायचं होतं.

त्यांनी ते केलं. सात तास लागले आणि फुगा अखंड बाहेर आला. डॉक्टरांनी तो काचेच्या बरणीत घालून घरच्यांना दाखवायला आणला. सुग्रीव बराच वेळ बघत राहिला.

"ह्ये तर मेंढराच्या काळजात असतंय," तो म्हणाला. "असलं काळीज निघालं तर आमी कुत्र्याला घालत न्हाई. खोल खड्डा करून पुरतो. माझ्या बापानं शिकवलंय."

डॉक्टरांना त्या दिवशी फार आनंद झालेला होता. त्यांनी मान हलवली, पण ते वाक्य त्यांनी कुठं लिहून घेतलं नाही. घरी कुत्री आहेत का, किती आहेत, मेंढरं किती वर्षांपासून आहेत, एवढं विचारलं. ही केस दुर्मीळ आहे, वैद्यकीय नियतकालिकात लिहायची आहे, परवानगी द्याल का, असंही विचारलं. चतुराबाई शुद्धीवर आली तेव्हा तिनेच उजव्या हाताने सही केली. जिनं जीव वाचवला तिला न्हाई कशी म्हणू, असं ती म्हणाली.

आठ महिन्यांनी डॉक्टरांनी सुकन्याला तो लेख मोबाईलवर पाठवला. सोबत आनंदाचा निरोप होता. सुकन्या सुट्टीसाठी माळावर आलेली. आईला तिने लेख आल्याचं सांगितलं, तशी चतुराबाई अंगणात मांडी घालून बसली आणि म्हणाली, वाच, माझं काय लिवलंय ते वाच.

सुकन्या इंग्रजीतून मराठी करत वाचत गेली. फुग्याचं माप, ऑपरेशनची रीत, पाण्याची युक्ती. आई कौतुकाने ऐकत होती. एका ओळीपाशी सुकन्या अडखळली आणि तिने पुढची ओळ धरली.

"मधलं का सोडलं?" चतुराबाईने विचारलं.

सुकन्याने मोबाईल खाली ठेवला.

"वाच. डोकं माझं फोडलंय, तुझं न्हाई."

मग सुकन्याने वाचलं. रुग्ण मेंढपाळ समाजातील असून कुत्र्यांशी निकट संपर्क आणि वैयक्तिक स्वच्छतेचा अभाव हे संसर्गाचे कारण दिसते. अशा समाजांना स्वच्छतेचे शिक्षण देणे आवश्यक आहे.

चतुराबाईने चुलीकडं पाहिलं, मग उतरंडीवरच्या घासून लख्ख केलेल्या भांड्यांकडं.

"म्हंजी मी घाण हाय, असं लिवलंय," ती म्हणाली. "कशावरनं? ती बाई आपल्या घरी कवा आलती?"

सुग्रीवने चपला घातल्या. तो सुकन्याला नाल्यावर घेऊन गेला. सकाळचा ट्रॅक्टर नुकताच येऊन गेला होता. पोती फुटलेली, माशांचा घोंगाट, आणि गावातली दहा-बारा कुत्री त्यात तोंडं घालून बसलेली. सुग्रीवने काठीने एक फुप्फुस उलटं केलं. त्यावर लिंबाएवढे दोन पांढरे फुगे होते. नाल्याच्या त्याच काठावर, थोडं खाली, पाथरी आणि घोळ उगवलेली होती. ती भाजी चतुराबाई वर्षानुवर्षं खुडून आणत होती, आणि अर्धं गावही. तिथून ते निळ्या शेडकडं गेले. दाराला कुलूप होतं. पत्र्याच्या फटीतून आत सिमेंटची पोती दिसत होती. सुकन्याने दोन्हीकडचे फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी बापलेक एसटीने अंबाजोगाईला गेले. डॉ. मोहिनींनी चहा मागवला. सुकन्याने ते वाक्य दाखवलं, तेव्हा त्या जरा गोंधळल्या. ते वाक्य या आजाराच्या जवळजवळ प्रत्येक लेखात असतं, त्यात कुणाचा अपमान करायचा हेतू नाही, असं त्यांनी सांगितलं. सुकन्याने विचारलं, तुम्ही आमचं घर पाहिलंत का? नाही, असं त्यांनी कबूल केलं.

"मी तुमच्या आईचा जीव वाचवलाय, सुकन्या."

"हो, मॅडम. ते आम्ही जन्मभर विसरणार नाही. पण नंतर तुम्हीच तिला घाणेरडी म्हणालात, आणि तेही तिला न कळणाऱ्या भाषेत."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. सुकन्याने नाल्याचे फोटो पुढं ठेवले. त्या ते निरखून पाहत राहिल्या, मग त्यांनी संगणकावर लेख उघडला. आम्ही ही शक्यता तपासली होती, त्या म्हणाल्या. उघड्यावरच्या कत्तलीचा कचरा कुत्री खातात, हे पहिलं कारण असतं, म्हणून शहराची माहिती शोधली. तर तिथं चालू कत्तलखाना असल्याची नोंद मिळाली. म्हणून मग घरातलंच कारण उरलं.

"नोंद कुठं मिळाली?"

"हा बघा, संदर्भ क्रमांक सात."

सुकन्याने पाहिलं. जिल्ह्यातल्या पाच नगरपंचायतींच्या कारभाराचा अभ्यास. भगवानराव कुलथे आणि सुकन्या सुग्रीव कोळेकर.

सुग्रीवला इंग्रजी येत नव्हतं. त्याने विचारलं, काय लिवलंय? सुकन्याने त्याला खरं ते सांगितलं. त्या शेडीत जनावरं कापली जातात, असं मी लिहून दिलं होतं, आबा. माझ्या नावावर विसंबून यांनी मायला दोष दिला. बाप तिच्याकडं नुसता बघत राहिला. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

परतीच्या गाडीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. राग डॉक्टरांवर होता, आप्पारावांवर होता, पण त्याला टेकायला जागा मिळत नव्हती. फिरून फिरून तो तिच्याच हातावर येत होता. आपण त्या वासात वाढलो, आणि फाईलमधला फोटो पाहून ते बाजूला ठेवलं. कुणी धमकावलं नव्हतं. कुणी आमिष दाखवलं नव्हतं. नुसती एक छापील सूचना होती, आणि ती आपण पाळली.

सोमवारी ती कुलथे सरांच्या खोलीत गेली. अहवालात दुरुस्ती छापा, असं तिने मागितलं. सरांनी फोटो पाहिले आणि बाजूला सारले. पद्धत ठरलेली होती, तिच्यात चूक नाही, ते म्हणाले. एका उत्तरासाठी सगळी क्रमवारी हलवली तर पाचही शहरांवर प्रश्न उभे राहतील. विद्यापीठात तिचा प्रबंध पुढच्या वर्षी जायचा आहे, त्याचाही तिने विचार करावा. मग आवाज मऊ करून त्यांनी समजावलं.

"आई तुझी आहे, म्हणून तुला राग येतोय. आता तू तटस्थ राहिलेली नाहीस."

"सर, मी तटस्थ होते तेव्हाच खोटं लिहिलं," सुकन्या म्हणाली.

सरांनी तिला बाहेर जायला सांगितलं.

तिने तीन दिवस बसून एक पत्र लिहिलं. एक्केचाळिसाव्या प्रश्नाचं उत्तर मी स्वतः नोंदवलं, ते चुकीचं आहे, चुकीचं आहे हे मला तेव्हाही माहीत होतं. खाली सही केली. सोबत फोटो, तारखा आणि सुग्रीवचं म्हणणं जोडलं. चार खाटकांनीही सह्या दिल्या. त्यांना तर शेड हवीच होती. दुकानामागं चिखलात उभं राहून कापायची हौस कुणाला होती? त्यांनी नगरपंचायतीला पाच अर्ज केले होते, एकालाही उत्तर नव्हतं. पत्राची एक प्रत वैद्यकीय नियतकालिकाला गेली, एक विद्यापीठाला, एक मुख्याधिकाऱ्यांना.

पुढच्याच आठवड्यात डॉ. मोहिनी न सांगता माळावर आल्या. त्या सुग्रीवबरोबर नाल्यापर्यंत चालत गेल्या, तोंडाला रुमाल लावून तिथं बराच वेळ उभ्या राहिल्या. परत आल्यावर त्या चतुराबाईसमोर जमिनीवरच बसल्या. माझं चुकलं, मी इथं आधी यायला हवं होतं, असं त्यांनी सांगितलं. चतुराबाईने त्यांना पाणी दिलं, लख्ख घासलेल्या तांब्यातून, आणि त्या पिईपर्यंत त्यांच्याकडं पाहत राहिली. माफ केलं, असं ती म्हणाली नाही. दोन महिन्यांनी नियतकालिकात चार ओळींची दुरुस्ती आली. स्वच्छतेचं वाक्य गेलं आणि शहरातल्या उघड्या कचऱ्याचा उल्लेख आला.

सरांनी सुकन्याचं मार्गदर्शन सोडलं. नवा मार्गदर्शक शोधायचा, विषय पुन्हा मांडायचा, म्हणजे निदान दीड वर्ष गेलं. क्रमवारी मात्र होती तशीच राहिली. आणि नगरपंचायतीने एक काम तातडीने केलं. सुग्रीवला नोटीस पाठवली. माळावरचा मेंढरांचा वाडा हे अतिक्रमण असून पाळीव कुत्र्यांमुळे सार्वजनिक आरोग्यास धोका निर्माण झाला आहे, तरी पंधरा दिवसांत जागा मोकळी करावी.

सुकन्याने नोटीस वाचून दाखवली तेव्हा रागाने तिला रडू आलं. चतुराबाई रडली नाही. तिने नवं लुगडं नेसलं, आणि एरवी डोक्यावरची खूण झाकणारा पदर खांद्यावर ठेवून ती नगरपंचायतीत गेली. नवरा आणि लेक मागोमाग. आप्पारावांनी खुर्ची पुढं केली, ती बसली नाही.

"त्या शेडीची चावी आणा," ती म्हणाली. "मला आत बघायचंय."

आप्पारावांनी सांगितलं, चावी ठेकेदाराकडं आहे, तो बाहेरगावी आहे, तुम्ही अर्ज द्या. चतुराबाईने भिंतीवरची चौकट दाखवून लेकीला विचारलं, ह्योच का तो कागद? सुकन्याने मान हलवली. मग चतुराबाई त्याच चौकटीखाली जमिनीवर बसली. डोक्यावरचा तो लांब, अर्धगोल व्रण सगळ्यांना दिसत होता. कामासाठी आलेली माणसं थांबून विचारायला लागली, आणि ती प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायला लागली. आवाज न चढवता, एकही गोष्ट न गाळता, नाल्यावरच्या भाजीपासून. ऐकणाऱ्यांतल्या एका बाईने तीच भाजी आदल्या दिवशी खाल्ली होती. दुपारपर्यंत खाटीक आले, नाल्याकाठची आणखी चार घरं आली. चार वाजता चावी सापडली.

सिमेंटची पोती आठवड्याभरात हलली. शेडला अजून नळ नाही, खाटीक डब्यांनी पाणी नेतात. नाल्याकाठी नगरपंचायतीने खोल खड्डा खणून वर लोखंडी झाकण बसवलं आहे. ट्रॅक्टरवाला ते कधी लावतो, कधी तसंच ठेवून जातो, मग सुग्रीव जाऊन लावतो. चतुराबाईच्या डाव्या हाताची दोन बोटं अजून ऐकत नाहीत. भाकरी आता सुग्रीव थापतो, जाड आणि वाकडी. नोटीस मागं घेतलेली नाही. तिच्यावरची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. वकील लावू, असं सुकन्या म्हणाली होती, पण चतुराबाईने तिला सांगितलंय की तू फक्त सोबत बस, बोलायचं ते मी बोलीन.