नक्कल नंबर सात

मी डोमा बोलतोय. थांबा, सुरुवातच खोटी झाली. मी डोमाची नक्कल बोलतोय, नक्कल नंबर सात. अस्सल डोमा माझ्या शेजारच्याच खुंटीला टांगलेला असतो आणि माझ्याकडे पाहून नाक मुरडतो. नाक लाकडाचं आहे, मुरडत नाही, पण मला कळतं.

अस्सल डोमा म्हणजे राजुऱ्याच्या श्रीहरीभाऊंचा बोलका बाहुला. भाऊ त्याच्या पाठीतून हात घालतात, आतली दोरी ओढतात की जबडा हलतो, आणि भाऊ ओठ न हलवता त्याच्या तोंडून बोलतात. डोमा हा खडूस म्हातारा, तो कुणाची भीड ठेवत नाही. भाऊ मात्र इतके भिडस्त, की भाजीवाल्यानं पिशवीत सडकी वांगी घातली तरी त्याला जयभीम घालून घरी येतात. घरी आल्यावर डोमाला हातात घेतात आणि मग डोमा त्या भाजीवाल्याचा उद्धार करतो.

दोन वर्षांपूर्वी एका गावात मोबाईलचा टॉवर उभा राहिला. उद्घाटनाला डोमाला बोलावलं होतं. डोमानं मान वर करून टॉवर न्याहाळला आणि पाहुण्यांना म्हणाला, “सायेब, उभं राह्याले तं शिकला थो. आता त्याले बोलाले कवा शिकवता?” कुणीतरी ते टिपलं. गावात रेंजच नव्हती, म्हणून ते पुढं पाठवायला त्याला दुसऱ्या गावी जावं लागलं. पण पाठवलं, आणि डोमा महाराष्ट्रभर झाला.

मग चाहते निघाले. चाहत्यांना नुसतं हसून भागत नाही, त्यांना डोमा स्वतःच्या कपाटात हवा असतो. भाऊंची मुलगी हर्षा चंद्रपुराहून कॉम्प्युटर शिकून आलेली. तिनं बुकिंग सुरू केलं, आणि जंगलपट्टीतल्या बिरजूला नकला करायचं काम दिलं. बिरजूच्या हातात शिवणीचं लाकूड आलं की त्याला डोळे फुटायला वेळ लागत नाही.

बिरजूनं पहिले डोमे गुळगुळीत, सुबक करून दिले. चाहते खवळले. डोमाच्या कपाळावरचा ओरखडा कुठाय? खालचा तुटका दात कुठाय? तो दात कसा तुटला यावर त्या मंडळींनी इंटरनेटवर पानंच्या पानं लिहून काढली होती. खरं तर डोमा एसटीच्या टपावरून पडला होता. पण खरं कुणी विचारलंच नाही.

झालं, भाव ठरले. साधा डोमा तीन हजार. ओरखड्याचा सहा. ओरखडा, तुटका दात आणि गालावर तीट असलेला बारा हजार.

“नवी वस्तू पयले नवी कराची, मंग जुनी कराची,” बिरजू म्हणाला, “अन् जुनीचेच पैसे जास्त? हे कोनतं गनित हाय, हर्षाबाई?”

“पुन्याचं,” हर्षा म्हणाली.

आता ही तीट. डोमा कार्यक्रमाला निघाला की हर्षाची आई, केसरबाई, काजळाचं बोट त्याच्या गालाला लावतात. गाल कुठला, ते त्या वेळी कढईत काय आहे आणि कुठला हात रिकामा आहे यावर. टॉवरच्या दिवशी डावा होता. तेव्हापासून डाव्या गालाचा डोमा खरा आणि उजव्याचा खोटा, असं चाहत्यांनी ठरवून टाकलं. भाऊ केसरबाईंना चिडवायचे, “नजर-बिजर काई नसते, तुले मालूम नाई का?”

“मालूम हाय,” केसरबाई म्हणायच्या. “पर घरातलं पोट्टं बाह्यर निंगालं का हात जातेच.”

मी बारा हजारांतला, पुण्याच्या एका साहेबांनी मागवलेला. बिरजूनं माझ्यावर जीव ओतला. ओरखडा, दात, धोतराचा विटका काठ, सगळं डोमासारखं हुबेहूब. फक्त तीट राहिली, कारण काळा रंग संपला आणि धान कापणीला आलं. धानासमोर पुण्याची काय कथा? मला केसरबाईंच्या हवाली करत तो म्हणाला, “तीट तेवढी हर्षाबाईले रंगवाले सांगजा.” केसरबाई हो म्हणाल्या आणि विसरल्या.

दुसऱ्या दिवशी मुलचेऱ्याकडच्या एका गावात मंडई होती. दिवाळीनंतरची मंडई म्हणजे गावोगावचे पाहुणे, पाळणे, जिलेबी आणि दुपारभर खेळतमाशे. लांबचा पल्ला म्हणून केसरबाईंनी डोमाला सकाळीच पुसलं, धोतर बदललं, डाव्या गालाला तीट लावली आणि त्याला माझ्याशेजारी खाटेवर बसवून विहारात गेल्या. दारात कुरिअरवाला गाडीचा हॉर्न दाबत उभा. हर्षा धावत आली. खाटेवर दोन डोमे, एकाला तीट, एकाला नाही. तीट नाही तो बाबाचा, आई लावेल अजून. तीट आहे तो पुण्याचा.

अस्सल डोमा खोक्यात गेला, वर चिकटपट्टी बसली. मी भाऊंच्या पिशवीत. ओरडावंसं फार वाटलं, पण आमच्या जातीला पाठीत हात असल्याशिवाय बोलता येत नाही.

मंडईत माणूस मावत नव्हतं. भाऊंनी माझ्या पाठीत हात घातला आणि त्यांचा चेहरा उतरला. इतकी वर्षं वापरून डोमाच्या आत भाऊंच्या अंगठ्यापुरता खळगा पडला होता. बिरजूनं बाहेरून सगळं उतरवलं होतं, आत कोण बघतंय? माझ्या आत खळग्याच्या जागी लाकडाची एक टोकदार कूस होती.

“हा माहा डोमा नाई,” भाऊ पुटपुटले.

समोर सारं गाव आणि डोमाशिवाय भाऊंना तोंड नाही. कुणी शिट्टी मारली, कुणी उठून पाळण्याकडे चाललं. मला भाऊंची दया आली आणि स्वतःची लाज वाटली. तेवढ्यात ती कूस त्यांच्या अंगठ्यात घुसली, हात झटकला आणि माझा जबडा खाड्कन उघडला. उघडलाच आहे तर काहीतरी बोलणं भाग होतं. डोमाचा खर्जातला आवाज काही येईना. आला तो बारीक, घाबरलेला, थेट भाऊंच्या पोटातला.

“मी डोमा नाई जी. मी नक्कल हाव, सात नंबर. डोमा पार्सल होऊन गेला वाट्टे.”

लोक थबकले.

“मले भाषन येत नाई. माही किंमत बारा हजार हाय, पर अक्कल रुपयाची नाई.”

पुढ्यात बसलेली सुकरी नावाची म्हातारी म्हणाली, “बारा हजारात तं दोन बकऱ्या येते, बाबा.”

“येते ना बाई. अन् त्या दूध बी देते. मी नुसता कपाटात बसतो.”

मंडई हसून लोळली. परत निघालेले परत बसले. मी घाबरत गेलो, लोक हसत गेले, आणि कूस मात्र शेवटपर्यंत भाऊंच्या अंगठ्यात रुतून होती.

पण घरी आल्यावर भाऊ जेवले नाहीत. रिकाम्या खुंटीखाली बसून राहिले. हर्षा रडकुंडीला आली. पुण्याच्या साहेबांना सांगावं, तर अस्सल डोमा हाती लागल्यावर कुठला संग्राहक तो परत देईल? न सांगावं, तरी डोमा त्यांच्याच कपाटात. त्यातच तिसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला.

“मॅडम, ही फारच सुमार नक्कल आहे. ओरखडा दोन मिलिमीटर खाली आलाय. आतून विडीचा वास येतोय. जबडा टकटक वाजतो. आणि तीट बोट लावलं की चक्क पुसली जाते! मी हा परत पाठवतोय, मला नीट नक्कल पाठवा.”

हर्षानं तोंडावर हात दाबून धरला. नुसतं “हो सर” म्हटलं की काम फत्ते. पण भाऊंनी फोन मागून घेतला. कधी कुणाला उलट न बोललेले भाऊ, हातात बाहुला नसताना, स्वतःच्या तोंडानं बोलले.

“सायेब, फसवाचं नाई म्हून सांगतो. थो खरा डोमा हाय. चुकीनं आला तुमच्याकडं. मले थो पाह्यजे, लय पाह्यजे. पर मालूम नसताना तुमी परत कराल, तं मले घेववनार नाई.”

माझ्या लाकडाला घाम फुटायचा बाकी होता.

“हे बघा,” साहेब म्हणाले, “दोन वर्षं डोमाचा अभ्यास करतोय मी. अस्सल काय ते मला शिकवू नका. माल खराब निघाला तर सरळ मान्य करावं माणसानं.”

आठवड्यात डोमा परत आला, वर ‘तुटफूट झालेली वस्तू’ अशी चिठ्ठी. केसरबाईंनी त्याला पदरानं पुसलं. भाऊंनी हात घातला, अंगठा खळग्यात बसला आणि डोमानं पहिलं वाक्य टाकलं, “पुन्यात ठंडी लय हाय, अन् पाहुनचार काईच नाई.” त्या दिवशी भाऊ दोनदा जेवले.

साहेबांना बिरजूचा आठ नंबर गेला, रंगाच्या पक्क्या तिटेचा. ‘हाच खरा डोमा’ असं त्यांनी बुकिंगच्या पानावर लिहिलं आणि पाच तारे दिले.

मला वाटलं, आता माझीही रवानगी. पण मंडईतलं माझं घाबरणं कुणीतरी टिपलं होतं. हर्षाचा फोन वाजू लागला. सात नंबरची नक्कल मिळेल का? मिळाली तर आतल्या कुसेसकट मिळेल का?

“नकलेची नक्कल?” बिरजू खालीच बसला. “अन् थे कूस तं माही चूक होती.”

“त्या चुकीचे हजार जास्त,” हर्षा म्हणाली.

एक प्रश्न उरला, माझ्या नकलांना तीट काढायची का? मंडईत माझा गाल कोराच होता. त्यावर केसरबाई म्हणाल्या, “रंगवू नोका. ज्याच्या घरी जाईन, थो लावन.” म्हणून हर्षा आता प्रत्येक खोक्यात काजळाची एक डबी ठेवते. तिचे पैसे घेत नाही.

हल्ली आम्ही दोघंही कार्यक्रमाला जातो. डोमा मोठ्यानं बोलतो, मी घाबरून बोलतो, आणि बाहुला हातात नसला तरी भाऊ आता भाजीवाल्याला वांगी बदलून मागतात. तेव्हा माझी नक्कल घेणाऱ्यांनो, एवढंच मागणं. ओरखडे खुशाल मोजा, पण डबी बंद ठेवू नका.

पहिल्यांदा आम्ही जोडीनं निघालो, तेव्हा केसरबाईंनी डोमाला तीट लावली आणि मी पिशवीत जायची वाट पाहत बसलो. त्या तशाच माझ्याकडे वळल्या. एका हातात उलथणं होतं, म्हणून बोट उजव्या गालाला लागलं.

चाहत्यांच्या हिशेबानं तो गाल खोटा. ते काजळ अजून तसंच आहे, मी पुसू देणार नाही.